पांढरी कावीळ आणि यकृताचं दार

(आकाशवाणीवरून झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. जिल्ह्याच्या गावी माझा दवाखाना आहे. पोटाच्या आणि यकृताच्या विकारांचे रोगी मी पाहतो. बाजारच्या दिवशी दुपारी एक सासूबाई आपल्या सुनेला घेऊन आल्या. सुनेला सातवा महिना लागला होता. गरोदरपणात रक्ताच्या ज्या नेहमीच्या तपासण्या करतात, त्यात 'हिपॅटायटिस बी पॉझिटिव्ह' असा शेरा आला होता. सूनबाई अंग चोरून खुर्चीच्या कडेला बसली होती. सासूबाईंनी तो कागद माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, हिला पांढरी कावीळ निघालीय म्हणत्यात. मी हिचं ताट, वाटी, तांब्या, अंथरूण समदं येगळं केलंय. चुलीपाशी येऊ देत न्हाई. आनखी काय करायचं ते सांगा."

बाईंच्या आवाजात दुष्टपणा नव्हता, धास्ती होती. घरात दोन लहान नातवंडं होती, त्यांना जपायचं होतं. सून मात्र एक अक्षर बोलली नाही. जायला उठली तेव्हा दाराशी थांबून तिनं हळूच विचारलं, "डॉक्टर, माझ्या बाळाला होईल का हो?"

मी दोघींना पुन्हा बसवलं आणि अर्धा तास बोललो. त्या अर्ध्या तासात जे सांगितलं, तेच थोडं विस्तारानं आज तुम्हाला सांगणार आहे. कारण सासूबाईंच्या प्रश्नाचं आणि सुनेच्या प्रश्नाचं उत्तर एकाच ठिकाणी आहे. हा विषाणू यकृताच्या पेशीत शिरतो कसा, हे कळलं की दोन्ही उत्तरं मिळतात.

आधी नावांचा घोळ निस्तरू. कावीळ हे रोगाचं नाव नाही, ते लक्षण आहे. यकृताचं काम बिघडलं किंवा पित्ताची वाट अडली की रक्तात पिवळं द्रव्य साठतं आणि डोळे पिवळे होतात. यकृताला सूज आणणारे मुख्य विषाणू पाच. इंग्रजी अक्षरांवरून त्यांना ए, बी, सी, डी आणि ई म्हणतात. यांपैकी ए आणि ई हे घाणेरड्या पाण्यातून आणि अन्नातून येतात. १९५५-५६ मध्ये दिल्लीत यमुनेच्या पाण्यात मैलापाणी मिसळलं आणि सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. त्या साथीतले रक्ताचे नमुने जपून ठेवले होते. १९८० च्या सुमारास ते पुन्हा तपासले गेले, तेव्हा ही साथ ए ची नव्हती, वेगळ्याच विषाणूची होती, हे कळलं. त्या कामात आपल्या पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेचा वाटा होता. त्या विषाणूला पुढे ई हे नाव मिळालं.

ए आणि ई ची कावीळ बहुतेकांच्या बाबतीत काही आठवड्यांत आपोआप उतरते. गरोदर बाईला मात्र ई फार धोक्याचा, हे विसरू नका. आपोआप उतरते म्हणूनच आपल्याकडे काविळीची माळ घालणारे, चुन्याच्या पाण्यात हात धुवून पिवळं पाणी दाखवणारे इतकी वर्षं टिकून आहेत. बरं करतं शरीर आणि श्रेय जातं माळेला. बी आणि सी यांचा स्वभाव निराळा. ते रक्तावाटे येतात आणि पुष्कळदा डोळे पिवळे न करताच वर्षानुवर्षं मुक्काम करतात. म्हणूनच लोकांनी बी ला पांढरी कावीळ म्हटलं असावं. पंचवीस-तीस वर्षांनी एकदम पोटात पाणी होतं, रक्ताची उलटी होते किंवा यकृताचा कर्करोग निघतो, तेव्हा घरच्यांना पहिल्यांदा कळतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणे २०२२ साली भारतात बी चे सुमारे २ कोटी ९८ लाख आणि सी चे सुमारे ५५ लाख रोगी होते. यातल्या फार मोठ्या संख्येला आपल्या अंगात काही आहे याची गंधवार्ताही नाही.

आता यकृताकडे वळू. यकृत म्हणजे शरीराचं कोठीघर आणि मुदपाकखाना. आतड्यांतून शोषलेला प्रत्येक घास आधी यकृताच्या हाताखालून जातो. दर मिनिटाला सुमारे दीड लिटर रक्त यकृतातून वाहतं. शरीरात बहुतेक ठिकाणी रक्तवाहिन्यांच्या भिंती बंदिस्त असतात. यकृतातल्या बारीक वाहिन्यांना मात्र चाळणीसारखी सूक्ष्म भोकं असतात. त्यामुळे रक्तातलं पाणी आणि त्यात विरघळलेलं सारं थेट यकृताच्या पेशींना भिडतं. यकृताला देवाणघेवाण करायची असते, म्हणून त्याचं घर असं सताड उघडं.

या देवाणघेवाणीतली एक गोष्ट आजच्या विषयासाठी महत्त्वाची आहे. यकृत पित्त तयार करतं. पित्तात पित्तक्षार असतात. साबणानं तेलकट भांडं स्वच्छ व्हावं, तसे हे क्षार आपण खाल्लेलं तूप-तेल फोडून पचनाला मदत करतात. शरीर हे क्षार वाया घालवत नाही. मुंबईच्या जुन्या मंडळींना दूध केंद्रावरच्या काचेच्या बाटल्या आठवत असतील. रिकामी बाटली परत द्यायची, भरलेली घ्यायची. तसंच इथे चालतं. आतड्यात काम झालं की सुमारे ९५ टक्के पित्तक्षार रक्तावाटे यकृताकडे परत येतात आणि यकृताची पेशी त्यांना आत घेऊन पुन्हा पित्तात सोडते. हा फेरा दिवसातून अनेकदा होतो.

रक्तातून परत आलेल्या पित्तक्षारांना आत घेण्यासाठी यकृताच्या पेशीच्या भिंतीत एक खास प्रथिन बसवलेलं असतं. एनटीसीपी हे त्याचं लांबलचक नावाचं लघुरूप. आपण त्याला पित्ताचं दार म्हणू. हे दार शरीरात जवळजवळ फक्त यकृताच्या पेशींनाच आहे. त्वचेला नाही, जिभेला नाही, फुप्फुसाला नाही. आणि हिपॅटायटिस बी चा विषाणू नेमका याच दारातून आत शिरतो.

हे कळायला फार वर्षं लागली. बी ची पहिली खूण डॉ. बरुच ब्लुमबर्ग यांना एका ऑस्ट्रेलियन आदिवासीच्या रक्तात सापडली, ती १९६५ साली जाहीर झाली. त्या शोधाबद्दल त्यांना १९७६ चं नोबेल पारितोषिक मिळालं. विषाणूचं कवच कसं आहे, त्याच्या आत काय आहे, हेही पुढे समजलं. पण तो नेमका कुठल्या दारातून शिरतो याचा पत्ता २०१२ पर्यंत लागला नव्हता. त्या वर्षी बीजिंगच्या एका संशोधन संस्थेत डॉ. वेनहुई ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो लावला. प्रयोगासाठी त्यांनी घेतल्या होत्या खारीसारख्या दिसणाऱ्या, झाडांवर राहणाऱ्या एका छोट्या प्राण्याच्या यकृतपेशी. या प्राण्याला माणसाचा हा विषाणू लागतो. विषाणूच्या कवचाचा एक छोटा तुकडा त्यांनी गळाला लावला, तो पेशीच्या भिंतीत कशाला चिकटतो ते पाहिलं, आणि गळाला लागलं ते पित्ताचं दार. मग माणसाच्या ज्या पेशींना हा विषाणू एरवी लागत नाही, त्यांत हे दार मुद्दाम बसवून पाहिलं. विषाणू आत शिरला.

निसर्गानंही याची साक्ष दिली आहे. पूर्व आशियातल्या काही लोकांत या दाराच्या घडणीत जन्मतःच एक बारीकसा फरक असतो. अशा लोकांत बी चा जुनाट आजार कमी आढळतो, असं तिथल्या अभ्यासांत दिसलं आहे.

शिरण्याची रीतही पाहण्यासारखी आहे. विषाणू इतका लहान की एका मिलिमीटरच्या रेघेवर असे तेवीस हजारांहून अधिक मावतील. रक्तातून वाहत तो यकृतात येतो. पेशीच्या अंगावर शर्करांची बारीक लव असते. शेतातून येताना धोतराला कुसळं चिकटावीत, तसा तो आधी तिला सैलसर चिकटतो. मग त्याच्या कवचावरचं एक टोक पित्ताच्या दारात किल्लीसारखं घट्ट बसतं. पेशी आपल्याच भिंतीचा खळगा करून त्याला आत ओढून घेते. म्हणजे दरोडेखोर भिंत फोडून आलेला नाही. घरातली मंडळी ज्या दारानं रोज सामान आत घेतात, त्याच दारानं तो आला आहे.

आत गेल्यावर खरी पंचाईत सुरू होते. विषाणू आपला डीएनए पेशीच्या केंद्रकात पोहोचवतो. तिथे त्या डीएनएचं एक बंद वेटोळं तयार होतं आणि ते तिथेच ठाण मांडून बसतं. आपल्या शेतकरी श्रोत्यांना एका शब्दात सांगायचं, तर पाहुणा म्हणून आलेला कूळ म्हणून लागतो. त्याला काढणं मोठं अवघड. बी वर आज चांगली औषधं आहेत. टेनोफोविर, एन्टेकाविर ही त्यांतली प्रमुख. रोज एक गोळी. या गोळ्या विषाणूच्या नव्या प्रती तयार होऊ देत नाहीत, यकृताची सूज उतरवतात, कर्करोगाचा धोका कमी करतात. पण केंद्रकातलं ते वेटोळं त्या काढू शकत नाहीत. म्हणून गोळी मनानं बंद केली की विषाणू पुष्कळदा पुन्हा डोकं वर काढतो. "किती दिवस घ्यायच्या डॉक्टर?" या प्रश्नाला मी "बहुतेक कायमच्या" असं उत्तर देतो, तेव्हा रोग्याचा चेहरा पडतो. त्याचं कारण हे वेटोळं आहे. प्रत्येकालाच गोळ्या लागतात असं नाही. कोणाला लागतात हे तपासण्यांवरून ठरतं. पण गोळी असो वा नसो, ठरावीक मुदतीनं तपासणी चुकवून चालत नाही.

मग दाराचा पत्ता लागून उपयोग काय झाला? झाला. तो आधी झाला डी विषाणूच्या रोग्यांना. डी हा मोठा विचित्र प्राणी आहे. १९७७ साली इटलीत तुरीन इथं डॉ. मारिओ रिझेटो यांना तो सापडला. त्याला स्वतःचं कवच नाही. तो बी चं कवच उसनं घेतो. ज्याच्या अंगात बी आहे त्यालाच डी लागू शकतो, आणि दोघं मिळून यकृताची वाट फार लवकर लावतात. पण कवच उसनं घेतलं की दारही तेच वापरावं लागतं. जर्मनीत हायडेलबर्ग इथं डॉ. स्टेफान उर्बान यांच्या प्रयोगशाळेत बी च्या कवचाच्या टोकाची ४७ दुव्यांची हुबेहूब नक्कल तयार झाली होती. कुलूप सापडण्याच्या आधीच ही नकली किल्ली हाती होती. ती कुलपात बसते आणि तिथेच अडकून राहते. मग खऱ्या विषाणूला जागाच उरत नाही. या औषधाचं नाव बुलेव्हर्टाइड. रोज कातडीखाली टोचून घ्यायचं. युरोपात त्याला २०२० साली सशर्त आणि २०२३ मध्ये पूर्ण परवानगी मिळाली.

आता तुम्ही म्हणाल, दार बंद केलं तर पित्तक्षारांचं काय? रास्त शंका आहे. औषध चालू असताना रक्तात पित्तक्षार वाढतात खरे, पण बहुतेकांना त्याचा त्रास जाणवत नाही, कारण यकृताला ते क्षार आत घ्यायला दुसऱ्या वाटाही आहेत. १५० रोग्यांवर झालेल्या एका चाचणीत, ४८ आठवड्यांनंतर, ठरलेल्या मात्रेनं ४५ टक्के रोग्यांमध्ये विषाणू पुष्कळ उतरला आणि यकृताची सूजही ओसरली. औषध न घेतलेल्यांत हे प्रमाण अवघं २ टक्के होतं. जुन्या पेशी जातात, नव्या येतात, आणि नव्या पेशींत विषाणूला शिरता येत नाही. दारावर पहारा बसवल्याचा हा फायदा. पण एकट्या बी च्या रोग्याला हे औषध पुरत नाही, कारण त्याच्या पेशींत आधीच लागलेलं कूळ त्यानं निघत नाही.

सी विषाणूची कथा याच्या नेमकी उलट आहे. त्याला एका किल्लीवर भागत नाही. रक्तात तो चरबीच्या कणांचा वेश घेऊन फिरतो. पेशीत शिरताना एकामागून एक किमान चार कुलपं उघडतो. पहिलं १९९८ मध्ये सापडलं, चौथं २००९ मध्ये. शिवाय तो आपलं बाह्य रूप सतत बदलत राहतो. त्यामुळे प्रवेश अडवणारं औषध त्याच्यासाठी अजून बाजारात आलेलं नाही, आणि लसही नाही. पण आत शिरल्यावर तो दुबळा आहे. त्याच्यापाशी डीएनए नाही, आरएनए आहे. तो केंद्रकात जात नाही, बाहेरच्या ओसरीवरच संसार मांडतो. वेटोळं नाही, कूळ नाही. त्याचं प्रती काढण्याचं यंत्र बारा आठवडे बंद पाडलं, की तो समूळ जातो. २०१३ च्या अखेरीस सोफोस्बुविर हे औषध अमेरिकेत आलं, २०१५ मध्ये त्याच्या स्वस्त भारतीय गोळ्या मिळू लागल्या, आणि आज ९५ टक्क्यांहून अधिक रोगी गोळ्यांनी पूर्ण बरे होतात. या विषाणूच्या शोधाबद्दल हार्वे ऑल्टर, मायकेल हॉटन आणि चार्ल्स राइस यांना २०२० चं नोबेल मिळालं.

म्हणजे हिशेब असा, की सी ला दाराशी अडवता येत नाही पण घरातून हुसकता येतं. बी ला घरातून हुसकता येत नाही, पण दाराशी अडवता येतं. आणि बी ला दाराशी अडवण्याचं उत्तम साधन आपल्याजवळ आधीच आहे. ते म्हणजे लस.

बी च्या लशीत विषाणू नसतो. त्याच्या कवचातलं एक प्रथिन तेवढं असतं. शरीर त्या प्रथिनाची ओळख पटवून प्रतिपिंडं तयार करतं. पुढे खरा विषाणू रक्तात आला की ही प्रतिपिंडं त्याच्या कवचाला चारी बाजूंनी चिकटतात. किल्लीलाच चिखल लागला तर ती कुलपात कशी बसणार? विषाणू यकृताच्या उंबऱ्यापाशी पोहोचतो, पण आत जाऊ शकत नाही. भारतात ही लस १९९७ पासून हैदराबादला तयार होऊ लागली. सरकारी लसीकरणात २००२ साली ती निवडक ठिकाणी आली आणि २०११ पासून देशभर.

आता इथे सुनेच्या प्रश्नाकडे येतो. बी चा विषाणू मोठ्या माणसाला लागला, तर शंभरातल्या पंचाण्णवांहून अधिक जणांचं शरीर त्याला काही महिन्यांत स्वतःच हटवतं. तोच जन्मताना बाळाला लागला, तर शंभरातल्या सुमारे नव्वद बाळांत तो कायमचा राहतो. कारण बाळाच्या प्रतिकारशक्तीला शत्रू कोण हे अजून कळत नसतं. आईच्या रक्तातून बाळाला विषाणू मिळतो तो मुख्यतः बाळंतपणाच्या वेळी. म्हणून जन्मानंतरचे पहिले काही तास सोन्याचे. त्या तासांत विषाणू बाळाच्या रक्तात असला तरी यकृतात त्याचा जम बसलेला नसतो. तेवढ्या वेळात पहारा बसवायचा.

हा पहारा दोन प्रकारचा. बारा तासांच्या आत बाळाच्या एका मांडीत तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन आणि दुसऱ्या मांडीत लशीचा पहिला डोस. लशीला काम करायला वेळ लागतो. तोवर तयार प्रतिपिंडं दार सांभाळतात. पुढचे डोस सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना, नेहमीच्या लसीकरणात. आईच्या रक्तात विषाणू फार असेल, तर शेवटच्या महिन्यांत तिला टेनोफोविर देतात. आईची तपासणी झालेली नसली तरी जन्मणाऱ्या प्रत्येक बाळाला पहिल्या चोवीस तासांत लस मिळायला हवी. आणि एक सांगतो, अशा आईनं बाळाला अंगावर खुशाल पाजावं.

सासूबाईंच्या प्रश्नाचं उत्तरही आता तुमच्या ध्यानात आलं असेल. विषाणूचं दार यकृतात आहे, आणि तिथवर जायचं तर आधी रक्तात उतरावं लागतं. एका ताटात जेवून, एका तांब्यानं पाणी पिऊन, मिठी मारून, तिच्या हातची भाकरी खाऊन बी होत नाही. तो रक्तातून जातो आणि पती-पत्नीच्या संबंधांतून जातो. म्हणून वेगळं ठेवायचं ते ताट नव्हे. वेगळं ठेवायचं दाढीचं पातं, दात घासायचा ब्रश, नखं काढायचं यंत्र. वाळलेल्या रक्ताच्या डागात हा विषाणू सात दिवसही जिवंत राहू शकतो. जत्रेत एकाच सुईनं गोंदून घेणं, न्हाव्याकडे पातं न बदलणं, इंजेक्शनची सुई किंवा सिरिंज पुन्हा वापरणं, ही त्याची वाट. गुजरातेत मोडासा इथं २००९ साली वापरलेल्या सिरिंजा पुन्हा वापरल्यामुळे बी ची साथ आली आणि अनेकांचे प्राण गेले.

यात माझाही दोष सांगितला पाहिजे. १९८० च्या दशकात मी उमेदवारी करत होतो, तेव्हा काचेच्या सिरिंजा असत. सकाळी उकळायच्या आणि दिवसभर वापरायच्या. गर्दी झाली की सुई तेवढी बदलायची आणि त्याच सिरिंजेनं पुढच्याला टोचायचं. सुई बदलली की भागलं, अशी आमची समजूत होती. ती चूक होती. सिरिंजमध्ये मागे राहिलेला रक्ताचा अंश डोळ्यांना दिसत नसला, तरी विषाणूला पुरेसा असतो. आज साठीतला एखादा रोगी सी किंवा बी चा अहवाल हातात घेऊन विचारतो, "डॉक्टर, मी दारू पीत नाही, बाहेरचं खात नाही, मला हे कुठून आलं?" तेव्हा मला त्या उकळत्या पातेल्याची आठवण होते. म्हणून माझी विनंती आहे. किरकोळ तापाला इंजेक्शनचा आग्रह धरू नका. आणि घ्यावंच लागलं तर सिरिंजचं सीलबंद पाकीट तुमच्यासमोर फोडायला सांगा. डॉक्टरला राग आला तरी चालेल.

एवढं करा. ज्यांना पूर्वी रक्त चढवलं आहे, मोठी शस्त्रक्रिया झाली आहे, ज्यांच्या आईला किंवा भावंडांना यकृताचा आजार आहे, त्यांनी बी आणि सी ची रक्ततपासणी एकदा करून घ्या. घरात कोणाला बी निघाला, तर बाकीच्यांची तपासणी करून, ज्यांना नाही त्यांनी लस घ्या. २०१८ साली राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आहे. त्याच्या केंद्रांत तपासणी आणि औषधं विनामूल्य आहेत. जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. आणि अंगात बी असताना गावठी औषधाच्या नादी लागू नका. आधीच सुजलेल्या यकृतावर त्याचा आणखी भार पडू शकतो.

त्या सूनबाईंचं पुढे काय झालं, हे सांगून थांबतो. तिच्या रक्तात विषाणू बराच होता. लगेच गोळी सुरू केली. तिच्या माहेरच्यांना तपासायला सांगितलं, तेव्हा आईच्या आणि धाकट्या भावाच्याही रक्तात बी निघाला. म्हणजे तिला तो जन्मतःच मिळाला होता. त्यात तिचा कसलाच दोष नव्हता. नवऱ्याला नव्हता, त्यानं लस घेतली. सासूबाईंनीही घेतली, थोडं कुरकुरत. बाळंतपण रात्री-अपरात्री झालं तर धावपळ नको, म्हणून प्रतिपिंडांचं इंजेक्शन नवऱ्यानं आठवडाभर आधीच बर्फाच्या डब्यातून आणून रुग्णालयाच्या फ्रिजमध्ये ठेवलं होतं. मुलगी पहाटे तीनला झाली. चार वाजायच्या आत तिला दोन्ही इंजेक्शनं मिळाली होती.

मुलगी वर्षाची झाल्यावर तिघी पुन्हा आल्या. मुलीच्या रक्तात विषाणू नव्हता आणि प्रतिपिंडं भरपूर होती. मी कागद वाचून दाखवला. सूनबाईला रडू आलं. सासूबाईंनी पिशवीतून पाण्याची बाटली काढून तिच्या हाती दिली. ती प्याली. मग सासूबाईंनी बाटली घेतली, तोंडाला लावली आणि उरलेलं पाणी स्वतः पिऊन टाकलं.